औषध मेंदूत नेमकं पोचलं, हे बघतात तरी कसं?

गोळीबार

नमस्कार मंडळी. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी तासाला एक वाक्य जाता जाता टाकलं: "हॅलोपेरिडॉलने डी-२ रिसेप्टर साधारण ६५ टक्के अडवले की गुण येतो, ८० च्या जवळ गेलं की हातपाय ताठरायला लागतात." (हॅलोपेरिडॉल म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरचं औषध, आणि डी-२ रिसेप्टर म्हणजे मेंदूतल्या पेशींवरच्या डोपामिनच्या बसण्याच्या जागा.) सगळ्यांनी निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं. रात्री वही उघडली आणि डोक्यात किडा वळवळायला लागला, की हे टक्के मोजले कुणी आणि कसे? रक्त काढता येतं, लघवी तपासता येते. जिवंत माणसाच्या मेंदूतले रिसेप्टर कोण मोजत बसलं?

नेटवर शोधलं तर "पेट स्कॅनने मोजतात" एवढंच सापडलं. पेट स्कॅन मला कॅन्सरपुरता माहीत. औषधालाच किरणोत्सारी करून सोडतात का? आणि रक्तातली पातळी मोजून हेच काम भागत नाही का? एवढा खटाटोप कशासाठी?

प्रश्न बावळट असेल तर सांभाळून घ्या.

हॉटसेलवाली

तिसऱ्या वर्षाला आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. प्रश्न अजिबात बावळट नाही. माझं पोट याच कामावर चालतं (ट्रेसर, म्हणजे स्कॅनमध्ये माग काढता येईल असा किरणोत्सारी रेणू, तो बनवणारी रसायनवाली मी), त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

सगळ्यात आधी हे लक्षात घे, की त्या ६५ टक्क्यांच्या मोजणीत हॅलोपेरिडॉल कुठेच दिसत नाही. दिसतो तो दुसराच रेणू, रॅक्लोप्राइड. तोही डी-२ रिसेप्टरवरच बसतो, पण चिकटून राहत नाही. बसतो, उठतो, पुन्हा बसतो. त्याच्यातल्या एका साध्या कार्बनच्या जागी आम्ही कार्बन-११, म्हणजे कार्बनचंच किरणोत्सारी रूप, घालतो. रिसेप्टरला फरक कळत नाही. कार्बन-११ चा ऱ्हास होताना पॉझिट्रॉन निघतो, मिलिमीटरभर जाऊन एखाद्या इलेक्ट्रॉनला गाठतो, दोघेही संपतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. स्कॅनरच्या कड्यात समोरासमोरच्या दोन डिटेक्टरांवर ते एकाच वेळी आदळले, की त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी हे घडलं असं समजायचं. अशा कोट्यवधी रेषा जमल्या की चित्र उभं राहतं.

आता युक्ती बघ. काळोख्या नाट्यगृहात किती खुर्च्या भरल्यात ते कळत नाही. मग हातात बॅटरी दिलेली थोडी माणसं आत सोडायची आणि त्यातल्या किती जणांना बसायला जागा मिळाली ते बघायचं. आधी रिकाम्या नाट्यगृहात एकदा, मग प्रेक्षक बसल्यावर पुन्हा एकदा. दुसऱ्या खेपेला उजेड जितका कमी, तितक्या खुर्च्या अडलेल्या. हॅलोपेरिडॉल म्हणजे ते न दिसणारे प्रेक्षक.

प्रत्यक्षात पहिल्या स्कॅनमध्ये पुटामेन आणि कॉडेट हे मेंदूच्या मध्यावरचे दोन भाग दोन्ही बाजूंना लख्ख दिसतात, कारण डी-२ ची खरी गर्दी तिथे. मागचा लहान मेंदू जवळजवळ काळा, कारण तिथे डी-२ नगण्य. हा काळेपणा फार कामाचा असतो. लहान मेंदूत जो काही थोडा संकेत येतो तो रिसेप्टरचा नसतो, नुसत्याच तरंगणाऱ्या किंवा चरबीला चिकटलेल्या ट्रेसरचा असतो. तो पायाभूत धरून पुटामेनमध्ये त्याहून किती पट जास्त जमलं ते काढायचं. या आकड्याला आम्ही बाइंडिंग पोटेन्शियल म्हणतो, बोलताना नुसतं बीपी. (डॉक्टर मंडळी हमखास ब्लडप्रेशर समजतात.) समजा औषधाआधी बीपी ३ होता आणि औषधानंतर ०.९ आला. घट २.१, भागिले ३, म्हणजे ७० टक्के. तुझ्या सरांचे टक्के इथून येतात.

औषधालाच किरणोत्सारी करतात का, या प्रश्नाचं उत्तर: कधी कधी हो. पण मग प्रश्न वेगळा असतो. औषधाच्याच रेणूत कार्बन-११ घातला तर ते मेंदूत शिरतं का, किती शिरतं आणि कुठे जातं, एवढं दिसतं. ते रिसेप्टरवर बसलंय की नुसतं चरबीत जाऊन पडलंय हे त्या चित्रावरून सहज सांगता येत नाही. शिवाय सगळीच औषधं चांगले ट्रेसर होत नाहीत. फार चिकट असली की मेंदूभर सारखाच उजेड पडतो.

आता रक्ताचं. रक्तातली पातळी मोजणं सोपं आणि स्वस्त, ती मोजतातच. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त-मेंदू अडथळा आहे आणि त्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप बसवलेले आहेत. आत आलेलं ते परत बाहेर फेकतात. लोपेरामाइड हे जुलाबाचं औषध तुला माहीत असेलच. रसायनाने ते ओपिऑइड आहे, मॉर्फीनच्या जातकुळीतलं, पण नेहमीच्या डोसला डोक्यात काही करत नाही, कारण हे पंप त्याला टिकू देत नाहीत. माणसात हे पंप पेटवर बघितलेत. २००५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने हे पंप ज्याला बाहेर फेकतात त्या व्हेरापॅमिल औषधाला कार्बन-११ लावून ते दिलं, मग सायक्लोस्पोरिनने पंप दाबून पुन्हा दिलं. मेंदूत जाणारं प्रमाण ८८ टक्क्यांनी वाढलं. उंदरांवरून बांधलेला अंदाज कित्येक पटींचा होता. उंदरात छान आत जाणारं औषध माणसात अडतं, किंवा उलटही होतं, याचं एक कारण हे.

वेळेचा घोळ तर आणखी मोठा. नाल्ट्रेक्सोन हे ओपिऑइड रिसेप्टर अडवणारं औषध रक्तात काही तासांत ओसरतं. पण १९८८ चा एक अभ्यास आहे, कार्बन-११ लावलेल्या कार्फेंटानिलने केलेला. ५० मिलिग्रॅमच्या एकाच गोळीनंतर ४८ तासांनी म्यू जातीचे ओपिऑइड रिसेप्टर ९१ टक्के अडलेले होते, ७२ तासांनी ८० टक्के आणि सात दिवसांनीसुद्धा ३० टक्के. नुसतं रक्त बघणारा माणूस दुसऱ्याच दिवशी म्हणाला असता, औषध संपलं.

अजून एक गणित दाखवते, ते वहीत लिहून घे, ६५ टक्क्यांच्या ओळीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. मेंदूतल्या औषधाची जी सांद्रता निम्मे रिसेप्टर अडवते तिला एक धर. दोन केलीस तर अडलेले ६७ टक्के. चार केलीस तर ८०. आठ केलीस तर ८९. सोळा केलीस तर ९४. दर वेळी डोस दुप्पट, आणि हाती लागतं १७, १३, ९, ५. वर वर जाताना डोस वाढवून रिसेप्टर फारसे मिळत नाहीत. वाढतात ते बाकीच्या अवयवांतले उपद्व्याप.

खटाटोपाबद्दल विचारलंस म्हणून आमची बाजूही ऐक. कार्बन-११ चं अर्धायुष्य २० मिनिटं. तो साठवता येत नाही, मागवता येत नाही, त्यामुळे सायक्लोट्रॉन त्याच इमारतीत किंवा शेजारी लागतो. नायट्रोजन वायूवर प्रोटॉनचा मारा केला की कार्बन-११ चा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बारीक नळीतून शिशाच्या जाड भिंतींच्या कपाटात येतो, त्याला हॉट सेल म्हणतात (माझ्या नावाचा उलगडा). तिथे त्याचं मिथाइल आयोडाइड करायचं, ते एक मिथाइल कमी असलेल्या रॅक्लोप्राइडशी जोडायचं, मग एचपीएलसीवर वेगळं करायचं. शिशाच्या काचेतून आत हात घालता येत नाही, नुसतं पडद्याकडे बघायचं. किरणोत्साराची रेघ आडवी, आडवी, आडवी, आणि ठरलेल्या मिनिटाला ती उभी चढते. त्या शिखराच्या पायथ्याशी झडप फिरवायची. आधी फिरवली तर कचरा येतो, उशिरा फिरवली तर माल गेला.

तिकडे स्कॅनरच्या टेबलावर माणूस आधीच झोपलेला असतो, चेहऱ्यावर त्याच्याच मापाचा जाळीदार मुखवटा, म्हणजे डोकं हलायला नको. मनगटाच्या धमनीत सुई असेल तर त्याचा चेहरा आणखीच प्रसन्न. इकडे आम्ही पीएच, शुद्धता, गाळणीचा दाब हे सगळं मिनिटांत उरकत असतो. दहा मिनिटं उशीर झाला तर जवळपास ३० टक्के माल हवेत विरला म्हण. तासाभराने आठवा हिस्सा उरतो. गंमत म्हणजे निर्जंतुकतेची पूर्ण चाचणी १४ दिवस चालते. म्हणजे तिचा निकाल येतो तेव्हा ते इंजेक्शन कधीच दिलेलं असतं आणि त्यातला कार्बन-११ केव्हाच संपलेला असतो. म्हणून पद्धत आधीच सिद्ध करून ठेवावी लागते आणि गाळणी फाटलेली नाही याची खात्री तिथल्या तिथे करावी लागते.

आणि टोचायचं किती? काही मायक्रोग्रॅम. जास्त दिलं तर ट्रेसर स्वतःच जागा अडवून बसेल आणि मोजणी फसेल. त्याने पाच टक्क्यांच्या आतच जागा घ्यावी असा आमचा दंडक.

जेवणाची वेळ झाली, बाकीचं दुसऱ्या कुणाला सांगू दे.

अण्णा_सविस्तर

ताई, प्रतिसाद आवडला, पण एक शंका. हल्ली जिकडेतिकडे एफएमआरआयची रंगीत चित्रं दिसतात. त्यात किरणोत्सार नाही, सायक्लोट्रॉन नाही, धमनीत सुई नाही. औषध द्या, मेंदूत कुठे दिवे लागतात ते बघा, काम झालं. मग ही २० मिनिटांची शर्यत कशाला? की एकदा यंत्र घेतलं म्हणून वापरायचं?

हॉटसेलवाली

अण्णा, यंत्र घेतलं म्हणून वापरतात हे आमच्या क्षेत्रात अगदीच होत नाही असं म्हणणार नाही. पण इथे तसं नाही.

एफएमआरआयला दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार. औषधाने काहीतरी हाललं एवढं त्यातून कळतं. कुठल्या रिसेप्टरवर बसून हाललं, किती जागा अडल्या, हे त्याला सांगता येत नाही. शिवाय रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध असेल तर मेंदूच्या पेशी ढिम्म असतानाही चित्र बदलेल. रिसेप्टर असतात नॅनोमोलर पातळीवर. तेवढं बारीक मोजण्याइतकी संवेदनशीलता एमआरआयकडे नाही, पेटकडे आहे. पेटचं तोकडेपण दुसरीकडे आहे. त्याची नजर जाडीभरडी, चार-पाच मिलिमीटरच्या आतलं धूसर. म्हणून प्रत्येक माणसाचा एमआरआय काढतोच आम्ही, पेटच्या ढगाखाली शरीररचनेचा नकाशा ठेवायला. भांडण नाही, दोघेही लागतात.

किरणोत्साराचं म्हणाल तर अशा एका स्कॅनला काही मिलिसीव्हर्ट. पृथ्वीवर नुसतं राहण्याबद्दल आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. त्यामुळे एकाच माणसाचे वाटेल तितके स्कॅन काढायचे नसतात, आणि नीतिसमित्या त्यावर डोळा ठेवून असतात. ठेवायलाच हवा.

रात्रपाळी

मनोविकार विभागात काम करतो. हॉटसेलवाली ताईंनी यंत्राची बाजू मांडली, मी आमच्या वॉर्डातली मांडतो.

माणसातले डोपामिन रिसेप्टर पेटवर पहिल्यांदा दिसले ते १९८३ मध्ये, जॉन्स हॉपकिन्सला, आणि तो मेंदू होता प्रयोग करणाऱ्या हेन्री वॅग्नर यांचा स्वतःचा. नंतर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये लार्स फार्डे आणि मंडळींनी रॅक्लोप्राइड वापरून औषध चालू असलेल्या रुग्णांचे स्कॅन काढले. १९८८ च्या त्यांच्या निबंधात आलं, की औषधं रसायनाने कितीही वेगवेगळी असली तरी नेहमीच्या डोसला डी-२ अडलेले ६५ ते ८५ टक्के. त्याआधी डोस ठरायचा अनुभवावर, आणि अनुभव पुष्कळदा "अजून वाढवून बघू" असा असायचा.

गोळीबारच्या सरांचं वाक्य येतं टोरांटोच्या शितिज कपूर यांच्या २००० सालच्या अभ्यासातून. पहिल्यांदाच स्किझोफ्रेनिया झालेले २२ रुग्ण. कुणाला रोज १ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल, कुणाला २.५, चिठ्ठ्या टाकून. ६५ टक्क्यांच्या पुढे गुण येण्याची शक्यता वाढली, ७२ च्या पुढे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढण्याची, ७८ च्या पुढे ताठरपणा आणि बेचैनीची. डोस पुन्हा वाचा. जुन्या काळी हेच औषध रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्तही दिलं जायचं. ताईंच्या १७, १३, ९, ५ च्या हिशेबात ते कुठे बसतं बघा.

मात्र या अभ्यासात दुसरीही एक गोष्ट आहे, तिच्याकडे विद्यार्थी बघत नाहीत. इतक्या छोट्या डोसांवरही माणसामाणसात अडलेले रिसेप्टर ३८ पासून ८७ टक्क्यांपर्यंत पसरले होते. म्हणजे गोळीवर छापलेले मिलिग्रॅम आणि मेंदूत घडणारी गोष्ट यांच्यात यकृत, वजन, जनुकं सगळं येतं. ६५ आणि ७८ या भिंती नाहीत. ६५ च्या वर असूनही गुण न आलेले रुग्ण त्यातच होते.

मग अपवाद. क्लोझापिन घ्या. बाकी औषधं थकतात तिथे ते काम करतं, आणि फार्डेंच्याच १९९२ च्या मोजणीत त्याने डी-२ अडवले होते फक्त ३८ ते ६३ टक्के. दुसऱ्या टोकाला अरिपिप्राझोल, ९० च्या वर अडवून बसतं आणि तरी ताठरपणा क्वचित, कारण ते रिसेप्टर पुरता बंद करत नाही, अर्धवट चालू ठेवतं. पेटला अडलेली जागा दिसते. बसणारा तिथे बसून काय करतोय ते दिसत नाही.

नैराश्याच्या औषधांचंही असंच. ही औषधं जिथे बसतात त्या सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरवर (सेरोटोनिन पेशीत परत ओढणारं प्रथिन) डीएएसबी नावाचा ट्रेसर वापरून टोरांटोच्याच मेयर गटाने पाच औषधं तपासली, २००४ मध्ये. प्रत्येकाच्या सर्वात कमी गुणकारी डोसला ट्रान्सपोर्टर अडलेले साधारण ८० टक्के. त्याचा उपयोग आज औषध बंद करताना होतो. त्यातलंच सिटालोप्रॅम, २० मिलिग्रॅमला ८० टक्के. आणि ५० टक्क्यांवर यायला डोस निम्मा करून चालत नाही, ३.४ पर्यंत उतरावं लागतं. म्हणून २० वरून १० ला येताना काही वाटत नाही आणि शेवटच्या ५ वरून शून्यावर येताना रुग्ण गरगरतो, चिडतो, झोप उडते. २०१९ मध्ये हॉरोविट्झ आणि टेलर यांनी याच वक्ररेषेवर बोट ठेवून सांगितलं, की शेवटचे टप्पे अगदी बारीक ठेवा. त्याआधी रुग्ण तक्रार करायचा तेव्हा त्याला "मूळ आजार परत आला" असं सांगून गोळी पुन्हा सुरू केली जायची. सगळेच तसं करत नव्हते, पण पुष्कळ करायचे.

निळी_छत्री

मी तुमच्या क्षेत्रातली नाही, वाचता वाचता इथे आले. माझा धाकटा भाऊ अशाच औषधांवर आहे. डोस वाढवला, भ्रम तितकेच राहिले, पण चालताना हात हलायचे बंद झाले आणि चेहरा कोरा झाला. आम्हाला वाटतं, त्याचाच असा स्कॅन काढून टक्के बघितले तर डॉक्टरांना ठरवायला सोपं जाईल. कुठे करून मिळतो का?

रात्रपाळी

ताई, असा स्कॅन उपचाराचा भाग म्हणून सहसा होत नाही, संशोधनातच होतो. आणि खरं सांगायचं तर तो मिळाला असता तरी पंचाईत आहे. त्याचा औषधाआधीचा स्कॅन नाही. मग तुलना करावी लागते निरोगी माणसांच्या सरासरीशी, आणि डी-२ रिसेप्टर मुळातच माणसागणिक वेगळे, वयाबरोबर कमी होत जाणारे. आलेल्या टक्क्यात चूक बरीच राहील.

पण टक्क्यांवाचूनही तुम्ही जे लिहिलंत त्यात पुष्कळ माहिती आहे. चालताना हात न हलणं, कोरा चेहरा, म्हणजे डी-२ बहुधा गरजेपेक्षा जास्त अडलेत. ही दोन वाक्यं अशीच्या अशी त्याच्या डॉक्टरांना सांगा, डोस वाढवल्यानंतर किती दिवसांनी सुरू झालं तेही सांगा. चालतानाचा छोटा व्हिडिओ मोबाइलवर काढून नेलात तर उत्तम, कारण तपासणीच्या खोलीत माणूस चार पावलंच चालतो. रक्तातली पातळी बघणं, डोस उतरवणं, औषध बदलणं, क्लोझापिनचा विचार करणं, हे सगळे पर्याय त्यांच्या हातात असतात. गोळी मात्र मनाने कमी करू नका किंवा थांबवू नका, एकदम बंद केली तर उलटतं.

निळी_छत्री

व्हिडिओचं सुचलंच नव्हतं. आजच काढते. आभारी आहे डॉक्टर.

गोळीबार

अरे बापरे, वहीची चार पानं भरली. हॉटसेलवाली ताई, रात्रपाळी सर, मनापासून धन्यवाद. आता शेवटचं. समजा कंपनीने नवं औषध काढलं, पेटवर दिसलं की ९० टक्के रिसेप्टर अडलेत. म्हणजे औषध चालणार हे नक्की ना? नसेल तर एवढा खर्च करून मिळालं काय?

हॉटसेलवाली

नक्की नाही. आणि त्याचं उदाहरण ठसठशीत आहे. मर्क कंपनीचं अप्रेपिटंट. एनके-१ नावाचे रिसेप्टर अडवतं. १९९८ मध्ये एका चाचणीत ते नैराश्यावर चाललं आणि सगळीकडे एकच गलबला झाला, नैराश्याचा नवा रस्ता सापडला म्हणून. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. पेटने दाखवलं होतं की दिलेल्या डोसला मेंदूतले एनके-१ नव्वदच्या वर टक्के अडतात. आणि चाचण्यांत गुण काही आला नाही, नैराश्याचं जुनं औषध पॅरोक्सेटिन मात्र त्याच चाचण्यांत चाललं.

तुला वाटेल, पैसे पाण्यात. पण विचार कर, पेट नसतं तर काय झालं असतं? कुणीतरी म्हणालं असतं डोस कमी पडला, कुणी म्हणालं असतं मेंदूत शिरतच नाही, आणि आणखी दोन-तीन मोठ्या चाचण्या, शेकडो नैराश्याचे रुग्ण, पुन्हा तेच. इथे वाद मिटला. औषध जागेवर पोचलं होतं, बसलं होतं, कल्पनाच चुकली होती. औषध मात्र वाया गेलं नाही. केमोथेरपीच्या उलट्यांवर २००३ पासून वापरात आहे. २०१२ मध्ये फायझरच्या संशोधकांनी स्वतःचेच ४४ प्रकल्प उलगडून बघितले, तर पडलेल्यांपैकी बऱ्याच प्रकल्पांत औषध लक्ष्यापर्यंत पोचलं होतं की नाही हेच सांगता येत नव्हतं. तो पराभव सर्वात महाग. त्यातून काही शिकतासुद्धा येत नाही.

उलट दिशेचं उदाहरणही आहे, जिथे पोचू नये हेच हवं असतं. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या. जपानच्या तोहोकू विद्यापीठात यानाई आणि मंडळींनी कार्बन-११ लावलेलं डॉक्सेपिन वापरून मेंदूतले हिस्टामीनचे एच-१ रिसेप्टर मोजले. जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या निम्मे किंवा त्याहून जास्त अडवतात. फेक्सोफेनाडिन जवळपास शून्य. २० टक्क्यांच्या आत असेल तर गुंगी न आणणारी, असं वर्गीकरण तिथून आलं. गाडी चालवणाऱ्याला कुठली गोळी द्यायची याचं उत्तर "मला तर झोप येत नाही बुवा" यापेक्षा या आकड्यावर सोपवलेलं बरं, कारण गुंगी न जाणवताही हात मंदावलेले असतात.

एक खोच तेवढी सांगते, परीक्षेत कुणी विचारणार नाही. रॅक्लोप्राइडशी जागेसाठी फक्त औषध भांडत नाही, मेंदूतलं स्वतःचं डोपामिनही भांडतं. १९९८ मध्ये लंडनला स्कॅनरमध्ये पडलेल्या लोकांना पैशांच्या बक्षिसावर रणगाड्याचा व्हिडिओगेम खेळायला लावला, तर नुसत्या खेळाने रॅक्लोप्राइड कमी बसलं. म्हणून स्कॅनच्या वेळी माणूस शांत पडून आहे ना, सिगारेट ओढून किंवा कॉफी ढोसून आलेला नाही ना, हे आम्ही खोदून खोदून विचारतो. लोकांना वाटतं उगाच चौकशा.

आणि सगळ्यात मोठी अडचण: ट्रेसर असेल तरच हे सगळं. नव्या लक्ष्यासाठी ट्रेसर शोधणं हे औषध शोधण्याइतकंच किचकट. मेंदूत शिरला पाहिजे, पंपांनी बाहेर फेकता कामा नये, चरबीला फार चिकटायला नको, लक्ष्यावर पुरेसा घट्ट बसला पाहिजे पण तासा-दीडतासात उठलाही पाहिजे, आणि शरीराने त्याचे तुकडे केलेच तर किरणोत्सारी तुकडा मेंदूत शिरता कामा नये. यातलं एक जरी बिनसलं तरी महिन्यांचं काम टोपलीत. जिथे घाई परवडत नाही तिथे फ्लोरिन-१८ वापरतो, त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे दुसऱ्या गावी पाठवण्याइतका वेळ मिळतो.

फार्मसीवाले आहात, रसायन बरं असेल तर या बाजूला या. माणसं कमी आहेत.